वर्षभरात ९७ खाडे

उथळसरकर | २ जानेवारी, रात्री १०:१०

काल नवीन कालनिर्णय भिंतीवर लावलं आणि जुनं रद्दीत टाकायच्या आधी जमिनीवर पसरून बसलो. हिशेब करायचा होता. दुधाचा नाही, माझा. ३६५ चौकोनांपैकी ९७ चौकोनांत 'खा' लिहिलंय. खा म्हणजे खाडा. उरलेले २६८ दिवस मी केलं.

काय केलं ते ऐकून हसाल. संध्याकाळी स्टेशनवरून घरी येताना तलावपाळीला, म्हणजे ठाण्यातल्या तलावाभोवती, एक फेरी. रात्री फोन बाहेर, फ्रिजच्या डोक्यावर. आणि झोपण्याआधी उद्याची कामं एका पाठकोऱ्या कागदावर. संपलं. पहाटे पाचला उठणं नाही, गार पाण्याची आंघोळ नाही, ध्यान नाही (दोनदा बसलो, दोन्ही वेळा झोप लागली. चांगली लागली). खाडा फक्त फेरीचा धरतो, बाकीची दोन तिच्या मागोमाग येतात.

वय ४८, नोकरी तुर्भ्याला, राहायला उथळसर. गेली वीस वर्षं दर १ जानेवारीला मी काहीतरी जंगी सुरू करायचो. एका वर्षी जिमचे वर्षाचे पैसे भरले आणि अकरा वेळा गेलो. एका वर्षी रविवारी येऊर चढायला सायकल घेतली. ती बाल्कनीत आहे, तिच्यावर टॉवेल छान वाळतात. प्रत्येक वेळी गाडी एकाच ठिकाणी घसरायची. पाच-सात दिवस झोकात, मग एक दिवस चुकायचा, आणि चुकला की "गेलं, आता एक तारखेपासून बघू".

या ९७ खाड्यांच्या वर्षाआधीच्या डिसेंबरात हिच्याबरोबर दुधाचा हिशेब करायला बसलो होतो. आमच्याकडे कॅलेंडरच्या चौकोनात दुधाचं लिहायची पद्धत आजीपासूनची. जादा पिशवी घेतली तर '+१', दूध आलं नाही तर 'खा'. महिनाअखेरीला खाडे वजा करून पैसे. त्या महिन्यात तीन खाडे होते. आणि एकदम डोक्यात आलं, की दूध एक दिवस आलं नाही म्हणून दूधवाला दुसऱ्या दिवशी तोंड लपवत नाही. "आता एक तारखेपासूनच टाकतो" असंही म्हणत नाही. खाडा पडला, लिहिला, दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी दाराला.

तेव्हापासून माझाही हिशेब त्याच चौकोनात. निळं पेन तिचं, लाल माझं.

महिनावार सांगायचं तर जानेवारीत ३, मे महिन्यात ११ (गावी होतो, आंबे), जुलैत १७. जुलैचं काही सांगायला नको, स्टेशनबाहेर पाणी तुंबलेलं असताना तलावाभोवती कोण फिरणार? ऑक्टोबरचे १३ मात्र वेगळे. त्यातले ९ सलग. आईला हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं. त्या नऊ दिवसांत फेरी-बिरी काही आठवलीसुद्धा नाही. आई घरी आली त्या रात्री पाणी प्यायला उठलो तर कॅलेंडरवर नऊ चौकोनांत निळ्या पेनाने 'खा' लिहिलेलं. हिने दुधाबरोबर माझेही खाडे टाकले होते. खा खा खा खा खा. लग्नातल्या मावशीच्या आग्रहासारखं दिसत होतं. रात्री पावणेदोनला एकटाच हसलो आणि दुसऱ्या दिवशी फेरी मारून आलो. पूर्वी नऊ दिवस गेले असते तर वर्षच गेलं असतं.

एक बारकी गोष्ट. फेरी ऑफिसच्या बुटांत आणि पाठीला बॅग घेऊनच मारायची. आधी घरी जाऊन कपडे बदलू, चहा पिऊ, मग निघू, हा बेत चार दिवस करून पाहिला. चारही दिवस सोफा जिंकला. आता जांभळी नाक्याच्या गर्दीतून बाहेर पडतो, कौपिनेश्वराच्या बाजूने सुरुवात, गडकरी रंगायतनवरून पुढे, पुन्हा कौपिनेश्वर. पंधरा-सोळा मिनिटं. मग घर.

वजन किती उतरलं विचाराल तर दोन किलो, म्हणजे काहीच नाही. पण घरात शिरताना मी आता ऑफिसचा माणूस नसतो. हे माझं मत नाही, मुलीचं आहे. "बाबा आता दार उघडल्या उघडल्या ओरडत नाही."

तुमच्याकडे काय टिकलंय? मोठं नको. सांगायला लाज वाटेल इतकं लहान चालेल.

---

दीडशहाणा | २ जानेवारी, रात्री १०:४१

लेख आवडला, पण शंका आहे. २१ दिवस सलग केलं की सवय लागते आणि मध्ये तुटलं तर पुन्हा पहिल्यापासून, असं आमच्या ऑफिसच्या ट्रेनिंगला तीन वेळा सांगितलंय. तुमचे ९७ खाडे म्हणजे त्या हिशेबाने तुम्हाला सवय लागलेलीच नाही. ह.घ्या. (हलकेच घ्या)

---

अनुस्वार | २ जानेवारी, रात्री ११:१५

दीडशहाणा, त्या २१ दिवसांची गंमत ऐका. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचा एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन होता. त्याने १९६० साली लिहिलं, की शस्त्रक्रियेनंतर नवीन चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटला साधारण किमान २१ दिवस लागतात. पुढे सांगणाऱ्यांनी आधी 'किमान' गाळलं, मग 'चेहरा' गाळला. उरले २१ दिवस. म्हणजे नाकाच्या ऑपरेशनचा आकडा आपण सूर्यनमस्काराला लावतोय.

सवयीवर नीट काम केलं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी. २००९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. ९६ माणसं, १२ आठवडे. प्रत्येकाने एकच साधी गोष्ट निवडायची आणि ती रोजच्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला जोडायची, म्हणजे जेवणाबरोबर पाणी, नाश्त्यानंतर चालणं असं. ती आपोआप व्हायला लागण्याचा मधला आकडा आला ६६ दिवस. पण पसरट किती, तर कोणाला १८ दिवस पुरले आणि कोणाचा अंदाज २५४ दिवसांवर गेला. पाणी पिणं लवकर अंगवळणी पडलं, व्यायामाला वेळ लागला.

आणि हा धागा काढणाऱ्या उथळसरकरांसाठी खास: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडला नाही, हेही त्यातच आहे. तुमच्या दूधवाल्याला हे आधीपासून माहीत होतं.

अवांतर: दहा हजार पावलांचंही तसंच. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. आधी नाव, शास्त्र मागाहून.

---

दीडशहाणा | २ जानेवारी, रात्री ११:३०

बरं, २१ मागे घेतो. पण मूळ मुद्दा सोडत नाही. खाडा मान्य केला की माणूस सोकावतो. मी स्वतःला ओळखतो. मला खाड्याची परवानगी दिलीत तर महिन्याला तीस खाडे टाकेन, फेब्रुवारीत दोन जास्तीचे.

---

उथळसरकर | ३ जानेवारी, सकाळी ८:०५ (९ नंबरवर गाडीची वाट बघत)

खाड्याला परवानगी नाही हो, नोंद आहे. दूधवाला खाडा टाकतो तेव्हा त्या दिवसाचे पैसे मिळत नाहीत. 'खा' लिहायला हात जड होतोच. लाल पेन शोधावं लागतं, ते नेहमी मुलीच्या दप्तरात असतं.

दुसरं म्हणजे शेजारी कारण लिहितो, एका शब्दात. पाऊस. ताप. मॅच. साहेब. वर्षाच्या शेवटी बघितलं तर 'पाऊस' आणि 'आई' सोडून सर्वांत मोठं कारण निघालं 'उशीर', आणि त्यातले बहुतेक मंगळवारी. मंगळवारी आमची पाचची मीटिंग असते, ती साडेसहाला संपते. म्हणजे दोष माझ्या इच्छाशक्तीचा नव्हता, मीटिंगचा होता. यंदा मंगळवारची फेरी जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसच्या आवारातच. बघू.

गाडी आली.

---

निवांत_नेरुळ | ३ जानेवारी, दुपारी १:२०

माझी सवय ऋतूची आहे, चालेल का? नोव्हेंबर ते मे, रोहित बघणं. लोक फ्लेमिंगो म्हणतात, म्हणू देत. नेरुळला टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेच्या मागच्या बाजूला किंवा सीवूड्सच्या डीपीएस तलावावर. दहा मिनिटं उभं राहायचं, मोजायचे आणि परत यायचं. फोटो काढायचे नाहीत, ही माझी मला घातलेली अट. फोटो काढायला लागलो की पक्षी दिसत नाहीत, फोनच दिसतो.

यात मजा अशी की वेळ मी ठरवू शकत नाही. ओहोटीला ते खाडीच्या चिखलात चरतात. भरतीला चिखल पाण्याखाली गेला की आतल्या पाणथळ जागांवर येऊन उभे राहतात. म्हणून भरती बघून निघावं लागतं. आमच्या आजोबांचं गणित अजून चालतं: तिथीची पाऊणपट करा, त्या वाजता भरती. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाला. थोडं मागेपुढे होतं, पण पक्षी काही घड्याळ लावून बसलेले नसतात. तिथी तुमच्या त्याच कालनिर्णयावर, दुधाच्या खाड्याच्या शेजारी छापलेली असते.

त्यामुळे माझे खाडे आधीच ठरलेले. भरती भर दुपारी किंवा ऑफिसच्या वेळेत असेल त्या दिवसांना मी सुट्टी देतो, वाईट वाटायचा प्रश्नच नाही. सुरुवातीला शंभरच्या पुढे मोजता यायचे नाहीत. आता दहा-दहाचा घोळका डोळ्याने पकडतो आणि घोळके मोजतो. परवा ४३० पर्यंत पोचलो, तेवढ्यात एका मोकाट कुत्र्याने सगळे उडवले. ती दहा मिनिटं मात्र डोक्यात दुसरं काहीच नव्हतं, ईएमआयसुद्धा नाही.

---

स्टेथो | ३ जानेवारी, रात्री ९:५०

पेशाने डॉक्टर, ठाण्यातच प्रॅक्टिस. पेशंटना हेच सांगतो पण ते गोळी मागतात, म्हणून इथे लिहितो.

उथळसरकर, फेरी पंधरा मिनिटांची म्हणून कमी लेखू नका. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम जोराची हालचाल सांगते. पूर्वी ती सलग दहा मिनिटांच्या तुकड्यांत हवी असा नियम होता, २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत तोही काढला. जिना, बाजार, स्टेशनचा पूल, सगळं धरा. फक्त चाल अशी हवी की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. तलावपाळीला भेळेच्या गाडीपाशी थांबत थांबत मारलेली फेरी यात बसत नाही, हे आपलं सांगून ठेवतो.

झोपेचं. उद्याची कामं लिहून झोपणं हे तुमचं उत्तम आहे. टेक्सासच्या बेलर विद्यापीठात ५७ तरुण-तरुणींवर एक प्रयोग झाला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. झोपण्याआधी पाच मिनिटं अर्ध्यांनी पुढे करायची कामं लिहिली, अर्ध्यांनी झालेली. करायची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं आधी झोप लागली. आणि जितकी बारीकसारीक यादी, तितकी लवकर. प्रयोग छोटा आहे, पण कागद-पेनाला साइड इफेक्ट नाहीत. 'बँक' असं लिहू नका. 'बँकेत जाऊन आईच्या पासबुकात नोंदी करून घेणे' असं लिहा.

आणि संध्याकाळचा चहा. प्यायलेल्या कॅफिनपैकी अर्धं अंगातून जायला साधारण पाच तास लागतात, काहींना जास्त. सातच्या चहातलं निम्मं बारा वाजता अंगातच असतं. 'मला चहाने काही होत नाही' म्हणणाऱ्यांना झोप लागते, पण सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटत नाही, ही तक्रार तेच करतात. शेवटचा कप चारला पिऊन पाहा, आठवडाभर. माझे स्वतःचे यात भरपूर खाडे आहेत.

---

नौपाड्याचे_काका | ४ जानेवारी, सकाळी ६:३५

वय ७४. माझ्या दोन.

एक, मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन उभ्याउभ्या एक पान वाचणे. संस्था १८९३ ची, मी तिच्यापेक्षा तरुण आहे. पुस्तक घरी आणलं तर पडून राहतं. तिथे उभं राहून कुठलंही पुस्तक काढायचं, कुठलंही पान उघडायचं, वाचायचं, ठेवायचं. आवडलं तरच घरी आणायचं. या नादात मी लाकडाच्या जातींवर, पेशव्यांच्या हिशेबनिसांवर आणि मधमाश्यांवर वाचलं, जे मी जन्मात आपणहून मागितलं नसतं.

दुसरी, दुपारचं जेवण जमिनीवर, पाटावर. उठताना हात टेकायचा नाही. सत्तरीनंतर हे दिवसातून एकदा जमलं की ताठ मानेने फिरता येतं. आता एक हात टेकतो. चौऱ्याहत्तरीत एक हात माफ.

---

कढीलिंब | ४ जानेवारी, दुपारी ३:१०

सगळं वाचलं. छान लिहिलंय सगळ्यांनी. आता जरा कडू लिहिते, धाग्याचा काश्मीर करायचा, म्हणजे न संपणारं भांडण लावायचा, हेतू नाही.

उथळसरकर, संध्याकाळी पंधरा मिनिटं उशिरा घरी पोचणं ही तुमची 'सवय' आहे. तीच पंधरा मिनिटं मी उशिरा पोचले तर तिला आमच्याकडे 'उशीर' म्हणतात. मी कोपरखैरण्याहून येते. घणसोली गेलं की डोक्यात भाजी चिरायला लागते. ऐरोलीला कणीक मळून होते. ठाण्याला उतरून तलावाभोवती फिरायला मला कोणी अडवलेलं नाही, खरं आहे. पण ती पंधरा मिनिटं कोणाच्या तरी पोटातून काढावी लागतात, आणि ते कोण, हे अशा लेखांत कधीच लिहिलेलं नसतं.

तुमच्या लेखात मला सर्वांत आवडलेली व्यक्ती तुमची बायको. दुधाचे खाडे ती लिहिते. आई हॉस्पिटलमध्ये असताना नऊ दिवस घर, दूध आणि वर तुमचे खाडेसुद्धा तिनेच लिहिले. तिच्या नावाचं काय आहे त्या चौकोनात? कुठल्या रंगाचं पेन?

---

अनुस्वार | ४ जानेवारी, दुपारी ३:४०

+१. यावर उत्तर नाही, पण प्रश्न हाच आहे.

---

दीडशहाणा | ४ जानेवारी, संध्याकाळी ५:०२

अगं पण ताई, त्यांच्या घरचं त्यांना माहीत, तुम्ही एकदम...

---

कढीलिंब | ४ जानेवारी, संध्याकाळी ५:२०

दीडशहाणा, 'अगं' आणि 'तुम्ही' एका वाक्यात नका वापरू. एक काहीतरी ठरवा.

---

उथळसरकर | ५ जानेवारी, रात्री ११:३०

कढीलिंब, उत्तर द्यायला दोन दिवस घेतले कारण उत्तर नव्हतं.

काल रात्री हिला धागा वाचायला दिला. तिने सगळा वाचला, तुमच्या प्रतिसादापाशी थांबली, आणि म्हणाली, "ही कोण आहे? हिला जेवायला बोलाव." मग विचारलं, तुला काय हवंय. वाटलं होतं योग म्हणेल. घंटाळीला योगाचे वर्ग आहेत, चौकशी करून ठेवली होती मी, शहाण्यासारखी.

ती म्हणाली, "मला काही शिकायचं नाहीये. रात्री आठ ते पावणेनऊ मला कोणी काही विचारायचं नाही. मीठ कुठंय हेसुद्धा नाही."

एवढंच. एकवीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. आठ वाजता कुकर मी लावायचा, असं ठरलंय. पेन तिने स्वतः निवडलं, हिरवं.

---

अमुक_तमुक | ६ जानेवारी, रात्री २:४८

इथे कधी लिहीत नाही, वाचतो फक्त. वय ३१, घोडबंदर रोडला एकटा राहतो. तुमचे सगळ्यांचे खाडे वाचताना बरं वाटलं आणि वाईटही. माझ्याकडे गेले चार महिने फक्त खाडे आहेत. झोप तीन-साडेतीनला. सकाळी उठवत नाही. ऑफिसचं काम घरून, त्यामुळे कोणाला कळतही नाही. क्रिकेट आवडायचं, आता तेही बघवत नाही. फोन फ्रिजवर ठेवून पाहिला, रात्रभर फ्रिजपाशी उभा होतो. आळस आहे, माहीत आहे. फक्त सांगितलं.

---

स्टेथो | ६ जानेवारी, सकाळी ६:५०

अमुक_तमुक, सकाळी उठल्या उठल्या तुमचं वाचलं. पहिली गोष्ट, याला आळस म्हणत नाहीत. आळशी माणूस क्रिकेट बघतो. आवडणारी गोष्ट नकोशी होणं, झोपेची घडी मोडणं, हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर डॉक्टरला दाखवायचं असतं, आणि तुमचे चार महिने झालेत. फ्रिज, फेरी, कागद हे बऱ्या असलेल्या माणसाचे उद्योग आहेत. हाड मोडलेल्याला कोणी फेरी मारायला सांगत नाही.

याच आठवड्यात जवळच्या फिजिशियनकडे जा आणि जे इथे लिहिलंत तेच वाचून दाखवा. थायरॉइड आणि बी-१२ तपासायला सांगतील, त्यातही असं होतं. गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतील. तोपर्यंत रात्री जड गेलं तर १४४१६ फिरवा. टेली-मानस, सरकारी सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. रात्री पावणेतीनला इथे लिहिलंत, तिथेही पावणेतीनला कोणीतरी उचलतं. आणि जगणंच नको असे विचार येत असतील तर आठवड्याची वाट बघू नका. आत्ता फोन करा आणि जवळच्या एका माणसाला घरी बोलवून घ्या.

आपल्याकडे 'याला ठाण्याला पाठवा' हा विनोद मनोरुग्णालयावरून अजून चालतो. १९०१ पासून आहे ते. त्या विनोदाच्या भीतीने ठाण्यातलीच माणसं उशिरा येतात, हे मी रोज बघतो. तुम्ही ठाण्यातच आहात, त्यामुळे कुठे पाठवायचा प्रश्न नाही.

---

नौपाड्याचे_काका | ६ जानेवारी, सकाळी ७:१०

अरे पोरा, घोडबंदरला कुठे असतोस? मी सकाळी मोकळाच असतो. डॉक्टरकडे सोबत लागली तर निरोप टाक. बोलायला लागणार नाही, मी बाहेर बाकावर पेपर वाचत बसेन.

---

कढीलिंब | ६ जानेवारी, सकाळी ९:१५

अमुक_तमुक, इथे पुन्हा लिहा. काही घडलं नाही तरी लिहा. 'खा' एवढंच लिहिलंत तरी चालेल.

---

अमुक_तमुक | ९ जानेवारी, रात्री ९:३०

गेलो होतो. रक्त दिलंय तपासायला. एका मानसोपचारतज्ज्ञांची सोमवारची वेळ मिळाली आहे. काका बाहेर बाकावर होते. पेपर उलटा धरला होता.

---

नौपाड्याचे_काका | ९ जानेवारी, रात्री ९:५२

शब्दकोड्याचं उत्तर उलटं छापलेलं असतं. तुला काय माहीत.

---

दीडशहाणा | १० जानेवारी, दुपारी १२:४०

मीही सुरू केलं. दाढी करताना एका पायावर उभं राहणे. दोन मिनिटं, पाय बदलून. नववा दिवस, तीन खाडे, एक जखम (हनुवटीला). ब्लेड सोडून दात घासताना करावं असा सल्ला सौभाग्यवतींकडून मिळाला आहे.

---

निवांत_नेरुळ | १० जानेवारी, दुपारी १:०५

रोहित एका पायावर तासन्‌तास उभे राहतात. दाढी करत नाहीत, हे लक्षात घ्या.

---

उथळसरकर | १४ जानेवारी, रात्री १०:१५

आधी सगळ्यांना तिळगूळ.

अहवाल. मंगळवारची जेवणाच्या सुट्टीतली फेरी एकदा झाली, एकदा 'साहेब'. एकूण खाडे दोन.

हिच्या पाऊण तासाचं. पहिले तीन दिवस मी आणि मुलगी घरात चोरासारखे वावरलो. कुकरच्या शिट्ट्या मोजताना मी तीन की चार यात गोंधळलो आणि भाताची पेज झाली. कोणी काही बोललं नाही. आतून रेडिओचा बारीक आवाज यायचा. ती आत नेमकं काय करते ते विचारलं नाही. ते विचारणंही विचारण्यातच धरलं असतं तिने.

चौथ्या दिवशी आमटीला फोडणी देताना मोहरी तडतडली आणि हिंग सापडेना. तेल धुरावायला लागलं. मी दार वाजवलं.

ती बाहेर आली. काही न बोलता वरच्या फळीवरून, साखरेच्या डब्यामागून हिंगाची डबी काढली, ओट्यावर ठेवली. मग कॅलेंडरपाशी गेली, हिरव्या पेनाने 'खा' लिहिलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. आठ वाजून वीस मिनिटं झाली होती.

---

कढीलिंब | १४ जानेवारी, रात्री १०:३१

तो खाडा तिचा कसा? लाल पेनाने लिहा.

---

उथळसरकर | १४ जानेवारी, रात्री १०:४०

लिहिला. या महिन्यातले माझे तीन.

---

नौपाड्याचे_काका | १५ जानेवारी, सकाळी ६:४०

हिंग मसाल्याच्या डब्यात ठेवत नाहीत, सगळ्याला वास लागतो. तो नेहमी वेगळा आणि उंचावर असतो. मलाही हे सत्तरीनंतर कळलं. फ्रिजवर फोनशेजारी चिठ्ठी लावून ठेवा.